रशिया-किर्गिझस्तानला डॉक्टरकीला निघालेल्यांसाठी: तिथले शकुन-अपशकुन, रीती आणि आपल्या पोरांच्या चुका

मांजराकाठ (लातूर)

लातूर, नांदेड, बीड, परभणीकडची पुष्कळ पोरं एमबीबीएससाठी रशिया नाहीतर किर्गिझस्तान गाठतात. फी, हॉस्टेल, मेस, थंडीचे बूट, सगळं एजंट सांगतो. पण दारात उभ्या म्हाताऱ्या बाईनं अचानक डोळे का वटारले, हे कुणी सांगत नाही. त्यासाठी हा धागा. अर्ध्याहून जास्त गोष्टी आपल्या आजीच्या तोंडच्याच निघतील, त्या आपोआप लक्षात राहतात. पोरं फसतात ती दिसायला सारख्या पण अर्थानं उलट्या गोष्टींत.

उंबऱ्यापासून सुरू करतो. रशियात उंबऱ्यावरून हात मिळवत नाहीत, वस्तू देत-घेत नाहीत. जुनी समजूत अशी की घराचा राखणदार 'दमावोय' उंबऱ्याखाली राहतो. आपल्याकडं उंबऱ्यात बसू नये, उंबऱ्यात शिंकू नये म्हणतातच. पार्सलवाला आला, शेजारी मीठ मागायला आला, तर त्याला आत घ्या किंवा स्वतः बाहेर जा, मग हात पुढं करा. हातमोजा काढूनच हात मिळवायचा, हेही लागलीच सांगून ठेवतो.

निघाल्यावर काही विसरलं आणि परत यावं लागलं तर पुन्हा बाहेर पडण्याआधी आरशात पाहून जायचं. आपण घोटभर पाणी पिऊन, टेकून जातो, तसंच. लांबच्या प्रवासाआधी घरातले सगळे मिनिटभर गप्प बसतात, जागा नसेल तर बॅगेवर. मग कुणीतरी वडीलधारं 'नू, स बोगम' (चला, देवाचं नाव घेऊन) म्हणतं आणि सगळे उठतात. टॅक्सी खाली उभी असते, आपला गडी बॅगा ओढत असतो आणि घरमालकीण बस म्हणून ओरडत असते. बसा. मिनिटानं विमान चुकत नाही.

रिकामी बादली घेऊन बाई समोर आली की अपशकुन, भरलेली आली की चांगलं. शेजारणीनं डबा भरून दिला तर तो रिकामा परत करायचा नाही. अंधार पडल्यावर कचरा बाहेर टाकायचा नाही, उसने पैसे द्यायचे नाहीत. हे समजावून सांगायची गरज आहे का, सांगा! नवीन काय, तर घरात शिट्टी वाजवली की पैसा जातो. कुकरच्या शिट्टीला हा नियम नाही, पण सामायिक स्वयंपाकघरात पहिली शिट्टी झाली की लोक दचकून बाहेर येतात. आधी सांगून ठेवलेलं बरं.

उदगीरचे_काका

सर, पोरगी सप्टेंबरात चाललीय, कझानला. मॅडम लोकांना फुलं द्यायची पद्धत आहे म्हणतात. किती द्यायची, कोणती? आणि इकडून भेट काय न्यावी?

गोदामाय (नांदेड)

काका, फुलं विषमच. १, ३, ५, ७. सम संख्या मयताला आणि कबरीवर. आपण ५०१, १००१ देतो तोच हिशोब धरा, चुकणार नाही. मोठ्या गुच्छात कुणी मोजत बसत नाही, पण डझनाच्या आत प्रत्येक फूल मोजलं जातं.

खरी गंमत पुढं आहे. दोन मैत्रिणींनी पाच-पाच फुलं नेली आणि बाईंनी दोन्ही गुच्छ एकाच फुलदाणीत घातले की झाली दहा. म्हणून दोघींनी मिळून एकच गुच्छ न्यावा, नाहीतर वेगवेगळ्या फुलदाणीत राहू द्यावेत. सातातलं एक वाटेत मोडलं तर सहा नेऊ नका, आणखी एक काढून पाच करा. पिवळी फुलं टाळा. आपल्याला हळद-झेंडूमुळं पिवळं शुभ वाटतं, तिकडं जुन्या माणसांच्या मनात पिवळं म्हणजे ताटातूट. लाल कार्नेशन मयत आणि स्मारकाशी जोडलेलं आहे. ९ मे, विजय दिन. त्या दिवशी कॉलेजकडून हुतात्मा स्मारकावर नेलं तर तिथं मात्र सम संख्येनं, २ किंवा ४, लाल कार्नेशन ठेवायची. तिथं विषम नेली की पुन्हा चूक. वर्षभराचे फुलांचे दिवस तीन: १ सप्टेंबर (शाळा-कॉलेज सुरू), ५ ऑक्टोबर (शिक्षक दिन), ८ मार्च (महिला दिन). ८ मार्चला फुलं महाग होतात, आदल्या दिवशी घेऊन गार जागी ठेवा, हीटरपासून लांब.

भेटीत चाकू, कात्री, रुमाल, घड्याळ नको. आधीच घेतलं असेल तर समोरच्याकडून एक नाणं मागून घ्या, म्हणजे ती भेट राहत नाही, खरेदी होते. पाकीट देणार असाल तर आत एखादी नोट ठेवून. चहा, मसाला, छोटी पितळी वस्तू निर्धास्त न्या.

आणि वाढदिवस! आधी शुभेच्छा देणं तिकडं फार वाईट समजतात, माणूस तो दिवस पाहणार नाही असा अर्थ लावतात. मॉस्कोची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं (कझानचीही तीच). इकडं बरोबर रात्री १२ ला मेसेज टाकला की तिकडं आदल्या दिवशीचे साडेनऊ. घरच्यांनी रूममेटला किंवा मॅडमना मेसेज करताना हे ध्यानात ठेवावं. बिश्केक (किर्गिझस्तानची राजधानी) आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं आहे, तिथं ही भानगड नाही. पुरुषाची चाळिशी बरेच जण साजरीच करत नाहीत, तेव्हा सरांना 'पार्टी कधी' विचारू नका.

दुष्काळी_ढग

डॉक्टर व्हायला चाललेत की मांत्रिक? आपण इथं भानामतीविरुद्ध बोंबलायचं, २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा करायचा आणि पोरांना तिकडची अंधश्रद्धा शिकवून पाठवायचं. कमाल आहे.

मांजराकाठ (लातूर)

ढगसाहेब, मानायला कोण सांगतंय? घरात बूट काढणं आणि उंबऱ्यावरून हात न मिळवणं, पाहुण्यानं दोन्ही सारखंच पाळायचं. पैसे मागायला लागले की मात्र तिथून उठायचं. स्टेशनाबाहेर, बाजारात 'तुझ्यावर पोर्चा आहे, काढून देते' म्हणणाऱ्या बाया भेटतात. पोर्चा म्हणजे आपली करणी. थांबू नका, हात दाखवू नका, पाकीट तर बाहेरच काढू नका. पाकिटातली नोट 'मंतरून देते' म्हणून घेतात ती परत येत नाही.

पैनगंगा_उत्तर (हिंगोली)

बिश्केककडं याच जातीचं, भविष्य सांगायचं 'कुमालाक' आहे, पाहण्यासारखं. ४१ घेवड्याच्या बिया किंवा खडे. बाई त्यांचे अंदाजे तीन ढीग करते. प्रत्येक ढिगातून चार-चार काढत जाते, शेवटी १ ते ४ उरतात, ते वरच्या ओळीत मांडते. काढलेल्या बिया एकत्र करून पुन्हा तीन ढीग, दुसरी ओळ. तसंच तिसरी. नऊ घरं होतात आणि त्यावरून प्रवास, पैसा, तब्येत सांगते.

ढगसाहेबांच्या समाधानासाठी: ४१ ला चारानं भागलं की एक उरतो, म्हणून वरच्या ओळीची बेरीज दरवेळी ५ किंवा ९ च येते, दुसरं काही येऊच शकत नाही. खालच्या दोन्ही ओळींची ४, ८ किंवा १२. घरी शेंगदाणे घेऊन करून पाहा. बाई 'बघ, नऊ आले, योग मोठा आहे' म्हणाली की हसू आवरून ठेवा, म्हातारीचा अपमान करायची गरज नाही.

बालाघाटी (बीड)

परीक्षेचं कुणी लिहिलं नाही अजून. पोरांच्या कामाचं तेच.

रशियात पेपरला निघालेल्याला 'नी पूखा, नी पेरा' म्हणतात. मूळ शिकाऱ्यांचं बोलणं: ना लव मिळो, ना पीस. मुद्दाम वाईट चिंतायचं, म्हणजे नजर लागत नाही. याला उत्तर एकच, 'क चोर्तु!', म्हणजे जा सैतानाकडं. आपली पोरं संस्कारानं 'स्पसीबा' (धन्यवाद) म्हणतात आणि म्हणणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण आभार मानले की मंत्र फुकट गेला. मॅडम म्हणाल्या तरी 'क चोर्तु'च म्हणायचं, तो उद्धटपणा होत नाही.

डाव्या टाचेखाली, बुटात, पाचाचं नाणं ठेवतात. पाचच का, तर तिथं गुण २ ते ५ असतात, ५ म्हणजे उत्तम, २ म्हणजे नापास. पूर्वी सोव्हिएत पाच कोपेकचं नाणं वापरायचे, आता पाच रुबलचं. दोन्ही २५ मिलिमीटरची. दिवसभर टाचेखाली राहिलं की फोड येतो, तेव्हा पेपर झाला की काढा. परीक्षेआधी केस धुवत नाहीत, पाठ केलेलं वाहून जातं म्हणे.

सगळ्यात भारी 'खल्यावा'. खल्यावा म्हणजे फुकटात मिळालेलं. आदल्या रात्री १२ ला खिडकी उघडून, गुणांचं पुस्तक (झचोत्का) उघडून बाहेर धरायचं, 'खल्यावा, प्रिदी!' (खल्यावा, ये!) असं तीनदा ओरडायचं आणि पुस्तक गपकन मिटायचं. मग पेपरला जाईपर्यंत उघडायचं नाही, उघडलं तर खल्यावा उडून जाते. काही जण दोऱ्यानं बांधून ठेवतात. अडचण दोन ठिकाणी येते. रात्री ११ नंतर शांततेचा नियम असतो, कमेंडंट (हॉस्टेलचा प्रमुख) नावं लिहून घेतो. आणि पाचव्या मजल्यावरून झचोत्का खाली बर्फात पडली तर तिची दुसरी प्रत काढायला डीनच्या ऑफिसात हेलपाटे घालावे लागतात. दोन्ही हातांनी धरा. बऱ्याच ठिकाणी आता गुण ऑनलाइन झालेत, तरी ओरडणं चालूच आहे.

मॉस्कोत असाल तर प्लोश्चद रेवोल्यूत्सी मेट्रो स्टेशन. १९३८ चं आहे. तिथं सीमारक्षकाच्या ब्राँझच्या कुत्र्याचं नाक विद्यार्थी पेपरला जाताना घासतात, नाक सोन्यासारखं चकाकतं. आपल्या दही-साखरेपेक्षा स्वस्त.

पैनगंगा_उत्तर (हिंगोली)

किर्गिझस्तानचं वेगळं सांगायला पाहिजे, रशियाचं सगळं तिथं लागू नाही. दस्तरखान (जेवणासाठी अंथरलेलं कापड), नान, लोबान हे शब्द आपल्या मराठवाड्यात कानावरून गेलेलेच असतात, त्याचा उपयोग होतो.

नान म्हणजे गोल रोटी, मध्ये ठसा मारलेली. ती उलटी ठेवायची नाही, ठसा वर. जमिनीवर ठेवायची नाही, टाकून द्यायची नाही, हातानंच मोडायची. उरलेले तुकडे हॉस्टेलच्या कचऱ्याच्या डब्यात दिसले की सफाईवाल्या मावशी खरंच दुखावतात. पिशवीत घालून डब्याच्या बाजूला टांगून ठेवा, गुरा-पाखरांना घालणारे लोक नेतात. कुणाच्या दारी दोन मिनिटांसाठी गेलात आणि आत यायला वेळ नसला, तरी ते नान पुढं करतात. एक तुकडा तोडून तोंडात टाकायचा, 'ओझ तीयू' म्हणतात त्याला. 'पोट भरलंय' हे कारण चालत नाही, घासभर घ्यायचाच.

दारासमोरची, सगळ्यात आतली जागा 'तोर', मानाची. पाहुणा म्हणून तिथं बसवतील. आपणहून जाऊन बसू नका, बसवल्यावर मात्र फार आढेवेढे नकोत. दस्तरखान ओलांडायचा नाही, पाय त्याच्याकडं करायचे नाहीत. चहा अर्धाच वाटी ओततात, कारण पुन्हा पुन्हा ओतायचा असतो. काठोकाठ भरून दिला तर 'उठा आता' असा अर्थ निघू शकतो. आपल्याकडं पाहुण्याला अर्धा कप दिला तर पंगतीत नाव निघेल! रूमवर किर्गिझ मित्र आला तर आपल्या सवयीनं मग भरून देऊ नका. जेवण झाल्यावर दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून 'ओमीन' करतात. ते झाल्यावर ताटाकडं हात न्यायचा नाही.

बाजारात धुराचं भांडं घेऊन बाया फिरतात. ते 'आदिराश्मान', हरमलाची वाळलेली फांदी. नजर काढायला दुकानात धूर देतात, सुट्टे सोम (तिथलं चलन) द्यायचे. आपल्याकडं फकीर लोबान फिरवतो तेच. ज्याला दमा आहे त्यानं बाजूला व्हावं, कुणी रागवत नाही.

आणखी एक, यात आपली पोरं हमखास चुकतात. इमारतींच्या मधल्या अंगणात अचानक राखाडी तंबू, यूर्त, उभा दिसला की जत्रा समजून फोटो काढायला धावतात. शहरात अंगणात यूर्त लागला की बहुतेक वेळा कुणीतरी गेलेलं असतं. बाहेर पुरुष मोठ्यानं हंबरडा फोडतात, आत बाया 'कोशोक' म्हणून विलाप करतात. हेडफोन काढा, हळू चाला, मोबाइल खिशात. ओळखीतलं घर असेल तर ४० व्या दिवशी बोलावणं येतं. रशियातही ९ वा आणि ४० वा दिवस पाळतात. तिथं फोटोपुढं ग्लासवर काळ्या पावाचा तुकडा ठेवलेला असतो, त्याला हात लावायचा नाही, आणि त्या जेवणात ग्लासला ग्लास भिडवत नाहीत.

येळवस (धाराशिव)

आता आपल्या रीतींचं. तिथल्यांना आपण कसे दिसतो, तेही पाहा.

नवीन रूमच्या दाराला लिंबू-मिरची टांगू नका. रशियात दाराच्या चौकटीत खोचलेली सुई, उंबऱ्यावर मीठ, माती, धान्य सापडलं की पोर्चा केली असं समजतात. आपण नेमकं काय करतो? सुईदोऱ्यानं लिंबू ओवतो, मीठ-मोहरी ओवाळून दाराबाहेर टाकतो. तिठ्यावरचा उतारा पाहून आपल्या पोटात गोळा येतो, तसाच शेजारणीच्या पोटात येतो. पांढरी रांगोळी दाराबाहेर काढली तरी प्रश्न येतात. रूमच्या आत, ताटलीत काढा.

दृष्ट काढायचीच असेल तर मिरच्या जाळायच्या नाहीत. हॉस्टेलात धुराचे सेन्सर असतात, मिरचीचा खाट उठला की मजला रिकामा होतो आणि दंड भरावा लागतो. मीठ ओवाळून बेसिनमध्ये पाण्यात सोडा, झालं. कापूर विमानात नेऊ नका, तो ज्वालाग्राही मालात मोडतो. सुकं खोबरंही नको, त्यातल्या तेलामुळं ते आपोआप तापू शकतं म्हणून विमानात बंदी आहे. पंचखाद्यवाल्या आयांनी हे वाचावं. अंगारा, उदी कागदाच्या पुडीत नको. बिनानावाची राखाडी-पांढरी पूड कस्टमवाल्याला समजावत बसावं लागतं.

आणि स्वस्तिक. हे रीतीचं नाही, कायद्याचं आहे. रशियाच्या प्रशासकीय गुन्ह्यांच्या संहितेचं कलम २०.३: नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन. दंड होतो किंवा १५ दिवसांपर्यंत कोठडी. आपलं स्वस्तिक नाझी नाही हे खरं, पण ते पोलीस चौकीत मोडक्या रशियनमध्ये सिद्ध करायची वेळ कशाला आणायची? दारावर, बॅगेवर, हेल्मेटवर, लॅपटॉपवर नको. दिवाळीच्या पूजेचा फोटो सोशल मीडियावर टाकला तरी ते जाहीरच होतं. श्री लिहा, ओम लिहा, कमळ काढा. बॅगेला गावाकडून कुंकवाचं स्वस्तिक काढून देतात ते विमानतळावर जाण्याआधी पुसा.

उदगीरचे_काका

स्वस्तिकाचं माहीतच नव्हतं. बॅगेवर काढलेलं आहे, आज पुसतो. घरातल्या बायांचा दुसरा प्रश्न, रूममध्ये गेल्यावर दूध उतू घालायचं असतं. चालतं का?

येळवस (धाराशिव)

चालतं, पण शेगडी पाहून. हॉस्टेलात बहुधा काचेची इलेक्ट्रिक शेगडी असते. दूध तापलेल्या काचेवर जळून चिकटलं तर पात्यानं खरवडावं लागतं, आणि टच बटणांवर दूध गेलं की शेगडी बंद पडते. लहान पातेल्यात अर्धी वाटी दूध उकळायला आलं की उचलून स्टीलच्या ताटात धरा, ताटात उतू जाऊ द्या. तिकडंही नव्या घरात आधी मांजर सोडतात, तेव्हा कारण सांगितलं तर लोकांना चटकन कळतं.

गोदामाय (नांदेड)

चर्चचं राहिलं. पाहायला जाणार असाल तर बायकांनी डोक्यावर रुमाल घ्यायचा, पुरुषांनी टोपी काढायची. मेणबत्ती घेतली तर कुठं लावता ते बघा. येशूच्या क्रुसापुढं लहान चौकोनी टेबल असतं, 'कानून', तिथं लावलेली मेणबत्ती मेलेल्यांसाठी. जिवंत माणसाच्या तब्येतीसाठी संतांच्या चित्रापुढच्या गोल उभ्या स्टँडवर. आजीच्या गुडघ्यासाठी कानूनवर लावू नका. दिव्याची वात दक्षिणेला करू नको म्हणतात, तसं आहे ते.

आणि रीत म्हणा, नियम म्हणा, पण पहिल्याच आठवड्यात बोलणी बसतात ती कोटावरून. कॉलेज आणि दवाखान्यात कोट घालून आत जाऊ देत नाहीत, खाली गार्देरोबला (कोट ठेवायच्या खोलीत) द्यायचा, बिल्ला घ्यायचा. कोटाच्या कॉलरला आतून टांगायची पट्टी लागते. इकडून घेतलेल्या जॅकेटला ती नसते किंवा दोरीएवढी असते, पहिल्याच हिवाळ्यात तुटते, आणि गार्देरोबच्या आजी सगळ्यांसमोर झापतात. आठ-नऊ सेंटिमीटरची जाड नाडी दोन्ही टोकांना दुहेरी टाके घालून इथूनच शिवून घ्या. दवाखान्यात बुटांवर निळ्या पिशव्या, बाखीली. खिशात दोन जोड असू द्या.

बालाघाटी (बीड)

थंड दगडावर, पायरीवर मुली बसल्या की अनोळखी म्हाताऱ्याही उठवतात, 'पुढं लेकरं होणार नाहीत' म्हणून. वाद घालू नका, उठा, रुमाल टाकून बसा. ओल्या केसांनी बाहेर पडलात तरी ओरडतात. त्यात तथ्य शोधायला जाऊ नका, उणे वीसला केस खरंच कडक होतात.

कपिलधारकर

आमच्याकडं सगळे माळकरी. किर्गिझ घरी बोलावलं आणि मटण पुढं आलं तर?

पैनगंगा_उत्तर (हिंगोली)

माउली, बोलावणं आलं त्याच दिवशी सांगा, ताट पुढं आल्यावर नको. मानाच्या पाहुण्याला मेंढीचा ठरावीक भाग देतात, कुणाला कोणता हे आधी ठरलेलं असतं. तो परत केला की यजमानाची मांडणी बिघडते. किर्गिझमध्ये 'मेन एत जेबेयम', रशियनमध्ये 'या न्ये येम म्यासा': मी मांस खात नाही. एवढ्यानं भागत नाही, कारण कोंबडी आणि रस्सा यांना ते मांस धरतीलच असं नाही. तेव्हा 'ना कोंबडी, ना मासा, ना मांसाचा रस्सा' असं एकेक नाव घेऊन सांगा. 'देवाधर्माचं आहे' म्हटलं की मुसलमान घरात लगेच मान ठेवतात, 'आवडत नाही' म्हटलं की आग्रह दुप्पट होतो. नान, चहा, काइमाक (साय), जाम, सुकामेवा दस्तरखानावर असतोच. तरी कुणी भाग वाढलाच तर नकार न देता शेजारच्या वडीलधाऱ्याच्या ताटात दोन्ही हातांनी द्या, ते मानाचं समजतात. घोडीच्या दुधाचं 'किमिझ' आंबवलेलं असतं, त्यात थोडा अल्कोहोल असतो, माळकऱ्यांनी ते विचारून ठरवावं.